मुळा किती खोल पेरायचा?

"आदी जिबंवर ठेव, मंग तोंड उगर."

सात-आठ वर्षांची असल्यापासून हा आवाज वैजयंतीच्या कानात बसला होता. तिचा बाप हिरामण करावे गावच्या खारबांधावर राखणीला असे. खाडीला भरती आली की बांधाच्या उघाडीला फळ्या लावायच्या, ओहोटीला काढायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात घुसत नाही. नांगर धरण्याआधी तो चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. "बाबा, कशी हाय?" असं वैजूनं विचारलं की तिच्या तळहातावरही चिमूटभर माती यायची आणि वर हे वाक्य. मीठ किती चढलंय ते आधी जिभेला कळतं. जिभेनं चाखावं, मग बोलावं.

बाप गेला. बांधाआतली शेतं कागदावर नव्या शहराची झाली. वैजयंती मॅट्रिक झाली, तिच्या लग्नाचं बोलणं दोनदा जमता जमता फिसकटलं, आणि तिला चोविसावं लागलं. माती चाखणारं माणूस तिनं त्यानंतर पाहिलं नव्हतं.

आणि ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी दिसलं.

कोलंबीची सालं आणि मासळीची डोकी टोपलीत भरून ती खाडीवर टाकायला निघाली होती. बांधालगतच्या पडीक पट्ट्यात कुणी एक सडसडीत माणूस उकिडवा बसला होता. गळ्यात तुळशीची माळ, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले. त्यानं चिमूटभर माती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

वैजयंतीचे पाय जागच्या जागी थांबले. आणि काही कळायच्या आत तिचं तोंड उघडलं होतं.

"ओ! काय खाताव तितं?"

तो दचकून उठला. "माती."

"घरी जेवान नाय मिलत?"

"मिळतं की. पण हे फुकट होतं."

वैजयंतीला हसू आलं. ते तिनं पदराआड लपवलं, पण पदर टोपलीखाली अडकला होता, त्यामुळं अर्धंच लपलं.

"खारट लागली आसंल."

"वरवर आहे खारट. खाली गोड निघंल." तो टोपलीकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत होता. "असं पुष्कळांचं असतं."

हे मातीविषयी की आणखी कशाविषयी ते तिला ठरवता येईना, म्हणून तिनं आवाज चढवला. "तुमी सर्वेवालं काय? मोजायचा तो मोजून झायलाय. आता काय चाखून नेनार?"

"सर्व्हेवाला नाही हो, शेतीवाला. बाजीराव जगदाळे. गाव माण तालुक्यात, सध्या वाशीला संस्थेत असतो."

"बाजीराव?" तिनं त्याला नखशिखान्त पाहिलं. "मंग घोरा कुठंय?"

"सायकल आहे. तीही पंक्चर." त्यानं आता टोपलीकडं पाहिलं. वाऱ्याची झुळूक नेमकी त्याच्याकडं वळली, तसं त्याचं नाक आक्रसलं. पण गडी मागं सरला नाही. "हे कुठं टाकणार?"

"खाडीन."

"मला द्याल?"

चोवीस वर्षांत वैजयंतीकडं कुणी गजरा मागितला नव्हता की रुमाल. आणि हा माणूस पहिल्या भेटीत कोलंबीची सालं मागत होता! तिनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि सगळा बांध ऐकेल अशी हसली.

*

दुपारी गावदेवीच्या देवळात उलगडा झाला. संस्थेच्या सुचित्राताई वाशीहून आल्या होत्या. जाड चष्मा, खादीची साडी, बोलणं तोलूनमापून. त्यांनी बायकांना सांगितलं ते असं, की बांधालगतचा पट्टा अजून काही वर्षं कुणाला लागणार नाही. तो कसायची परवानगी संस्थेनं आपल्या नावावर मिळवली आहे. बायकांनी गट करावा, पिशवीतलं खत आणि बाटलीतलं औषध न वापरता भाजी काढावी आणि वाशीच्या सेक्टरांत विकावी. शिकवायला जगदाळे येतील, दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

"एक मात्र आजच सांगते," ताई म्हणाल्या. "मूल चालायला लागलं की आपण बोट सोडतो. तुमचा गट चालायला लागला की पट्ट्याची परवानगी तुमच्या नावावर होईल आणि जगदाळे दुसऱ्या गावाला जातील."

त्या दिवशी यात कुणालाच काही गैर वाटलं नाही.

गट झाला. वैजयंती शिकलेली, म्हणून ती चिटणीस. तिची काकू दुर्गाबाई, जिचं कुजबुजणंसुद्धा नेरूळपर्यंत जायचं. रखमा, कडेवर पोर घेऊन हसत राहणारी. आणि वेणूबाई. वेणूबाई गावची धवलारीण. लग्नात धवले गायला तीच लागे, भटजी असो वा नसो. नवरानवरीच्या डोक्यावर हळद चढायची ती तिच्या आवाजाबरोबर. शिवाय दोन-चार घरच्या सासवासुना होत्या.

पट्ट्याच्या कोपऱ्यात खड्डा खणला. मासळीचं उरलंसुरलं, भाताचा पेंढा, शेण, वर माती, असे थर घातले. माळकरी बाजीरावानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मासळीत कोपरापर्यंत हात घातला. बायका बघतच राहिल्या.

"गल्यान माल आन् हातान बोंबलाचा डोका," दुर्गाबाई म्हणाली. "देवाला चालतंय का रं, भाजीराव?"

इथल्या बोलीत बाजी काय नि भाजी काय, फरक फार उरत नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच.

"देवाला विचारून आलोय," बाजीराव म्हणाला, "तो म्हणाला, खाऊ नकोस म्हंजे झालं."

वाफे उंच केले. गोड्या तळ्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ घागरींनी घातलं. ऊन वाढलं की खालचं मीठ वर चढतं, म्हणून वाफ्यांवर पेंढ्याचं आच्छादन पसरलं. माठ, मुळा, पालक, वांगी. जानेवारी सरता सरता त्या पांढऱ्या पट्ट्यावर हिरवं दिसायला लागलं आणि वाशीच्या बायका जिने उतरून टोपल्यांभोवती गोळा व्हायला लागल्या.

जेवणाच्या वेळी बाजीराव दूर चिंचेखाली बसायचा. कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणी. वैजयंतीनं एकदा विचारलं, "आमच्यातला काय जेवाल काय?"

त्यानं मान खाली घातली. "जेवलो असतो. पण भांड्याला… वास…"

"आमच्या भांड्याला वास नाय येत. तुमच्या नाकाला येतो."

एवढं बोलून ती निघून गेली. पण पुढच्या खेपेला पनवेलच्या बाजारातून येताना तिच्या टोपलीत एक कोरं मडकं होतं. तिनं ते माळ्यावर वेगळं ठेवलं. आईनं पाहिलं आणि विचारलं, "यो मडका कोनाचा गो?"

"माजा."

"तू मासली सोरलीस काय?"

"मंगलवार-शुक्करवारी सोरलंय."

आईनं चुलीतलं लाकूड गरजेपेक्षा जास्त आत ढकललं.

मंगळवारी त्या मडक्यातली वांग्याची भाजी चिंचेखाली गेली. बाजीरावानं मडकं वास घेऊन पाहिलं. कोऱ्या मातीचा वास. त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाला, "मीठ कमी आहे."

"खारीतली वांगी हायेत. वरून कशाला मीठ?"

"आणि तिखट?"

"तो मी हाय ना समोर."

तो हसला. काही तरी बोलणार होता. पण तेवढ्यात वांग्याच्या वाफ्यात वाकलेल्या वेणूबाईनं तान घेतली—

"बांधावरी उबा देसाचा पावना,
मासलीच्या वासान त्याला जेवान जाईना.
आमच्या वैजून आनलाय नवा मडका,
पावन्याच्या जिवाला लागलाय चटका…"

बायकांनी दुसरी ओळ उचलली, तिसरी उचलली. रखमाच्या कडेवरचं पोरसुद्धा टाळ्या वाजवायला लागलं. वैजयंतीनं मातीचं ढेकूळ उचलून वेणूबाईकडं फेकलं. नेम चुकला, कारण फेकताना ती हसत होती. बाजीरावानं मात्र मान वर केली नाही. मडक्याच्या तळाची भाजी तो बराच वेळ पुसून खात राहिला.

असा एक हंगाम गेला. पाऊस आला नि गेला. दुसरा हंगाम लागला. दोघांत बोलणं व्हायचं ते खताचं, किडीचं, निंबोळ्यांच्या अर्काचं. कधी घागर देता-घेता बोटाला बोट लागायचं, मग दोघंही घागरीकडं असं बघायची, जणू ती आताच फुटणार आहे.

"तुमी गावाला कवा जाताव?" ती विचारायची.

"कशाला? इथं काय कमी आहे?"

"मानसा."

"माणसं पुरेशी आहेत," तो म्हणायचा. "एक पुरतं."

मग दोघंही पुन्हा वाफ्यात वाकायची.

*

दुसऱ्या हंगामात संक्रांतीच्या सुमारास तो आला तो गप्पच. दुपारपर्यंत वाफे बघत हिंडला. निघताना सायकलला हात घालून म्हणाला, "रोह्याच्या पुढं एक गाव आहे. तिथं गट सुरू करायचा म्हणतात. शिमग्यानंतर ताई इथं येतील, तुम्हाला सगळं येतं का बघतील. येत असलं तर पट्टा तुमच्या नावावर, आणि मी तिकडं."

वैजयंतीच्या हातात माठाची जुडी होती. तिनं ती पाण्यात बुडवली, बाहेर काढली, झटकली.

"बरा," ती म्हणाली.

बस, एवढंच. तो सायकल घेऊन गेला.

हे बोलणं दुर्गाबाईनं ऐकलं होतं. म्हणजे पुढच्या घटकेत ते सगळ्या गटानं ऐकलं.

आणि त्या मंगळवारपासून करावे गावच्या बायकांना कसलं वेड लागलं कुणास ठाऊक! ज्यांच्या हातांनी सव्वा वर्षात पट्टा हिरवा केला, त्याच बायका एकेक विसरायला लागल्या. दुर्गाबाई भर दुपारी उन्हात पाणी घालायला लागली. खड्ड्यातलं खत वरखाली करायचं राहिलं, म्हणून आतून घुसमटून गेलं. वेणूबाईनं एका अख्ख्या वाफ्यावरचा पेंढा उचलून गाईला घातला. आठवड्याभरात तिथं मिठाचा पांढरा पापुद्रा आला. आणि रखमा दर वेळी, अगदी दर वेळी, पोर सावरत विचारायची, "सर, मुला किती खोल पेरायचा वो?"

"अर्धं पेर, रखमाबाई. बोटाचं अर्धं पेर."

"हां हां. अर्दा पेर." आणि शुक्रवारी पुन्हा, "सर, तो मुला…"

बाजीराव आता मंगळवार-शुक्रवार सोडून रविवारीही यायला लागला. वाफा धुऊन काढी, खत उपसे, पुन्हा पहिल्यापासून सांगे. वैजयंती पाहत होती. आधी तिला नवल वाटलं, मग राग आला, आणि एका सकाळी तिनं वेणूबाईला तळ्यावर गाठलं.

"म्हातारे, तुला येर लागलाय काय? गाईला पेंडा घातलास! तूच मना सांगलंस ना, पेंडा नाय तं मीठ चरतंय?"

वेणूबाईनं घागर घासायची थांबवली नाही. "येर लागला नाय गो. येर घेतलाय."

"कशाला?"

"तुज्यासाटी. आमाला काय येत नाय आसा दिसला, तं तो राहील. मंग आमाला काय येत नाय."

वैजयंती पाण्याच्या कडेला बसली. "आन् पट्टा? नावावर नाय व्हनार."

"येक वरीस उशिरा झायला तं काय बिगरला? पट्टा कुठं पलून जातो काय? पोर गेला तं परत येईल?" म्हातारीनं घागर पालथी घातली. "चालीस वर्सा लग्ना लावतंय मी. कोनाचा जीव कुठं गुतलाय तो मना दिसतंय. तुजा तोंड तेवरा उगरत नाय."

वैजयंतीनं तिला चांगलं खडसावायला हवं होतं. सगळ्या बायकांना गोळा करून, बास करा म्हणून सांगायला हवं होतं. तिनं तसं केलं नाही. शुक्रवारी बाजीरावाची सायकल वळणावर दिसली आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की आज रखमानं मुळ्याचं विचारायला विसरू नये.

असे दोन महिने गेले. शिमगा झाला. मग एका मंगळवारी बाजीराव आला आणि खत न बघताच चिंचेखाली बसला. बायका गोळा झाल्या.

"शुक्रवारी ताई येणार," तो म्हणाला. "गटाचं काही खरं नाही असं त्यांच्या कानावर गेलंय. मी ठरवलंय. मी त्यांना सांगणार, की बायकांचा दोष नाही, माझ्या शिकवण्यात खोट आहे. आणखी एक वर्ष द्या. पट्टा तोवर संस्थेच्या नावावर राहू दे. त्या कबूल होतील."

"मंग तुमी राहाल ना?" दुर्गाबाईनं चटकन विचारलं.

"राहीन. एवढं वर्ष संस्थेत माझी किंमत राहणार नाही, पण राहीन."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांचं काम झालं होतं. रखमानं वैजयंतीला कोपरानं ढोसलं. पण वैजयंती बाजीरावाकडं बघत होती. खोट आहे म्हणताना तो मातीत काडीनं रेघा ओढत होता, आणि समोरचा पट्टा त्यानंच पिकता केलेला होता.

गुरुवारी संध्याकाळी ती आईजवळ चुलीपुढं बसली आणि पुष्कळ बोलली. काय बोलली ते त्या दोघींना आणि चुलीला ठाऊक. आईनं भाकरी करपवली, एवढं मात्र शेजारपाजारला वासावरून कळलं.

*

सुचित्राताई शुक्रवारी दहाच्या सुमारास आल्या. पट्टाभर फिरल्या. पांढऱ्या पापुद्र्याच्या वाफ्यापाशी थांबल्या, खड्ड्यापाशी नाकाला पदर लावला, आणि मग बायकांना समोर बसवलं. बाजीराव बाजूला उभा होता, हात मागे बांधून.

"दुर्गाबाई, कीड पडली तर काय करता?"

"कीर?" दुर्गाबाईनं डोळे मोठे केले. "कीर परली तं… परली! आपुन काय करनार, ताई? ती बी जीव हाय."

मागच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला.

ताई रखमाकडं वळल्या. "मुळा किती खोल पेरायचा?"

रखमानं आभाळाकडं पाहिलं. पोराकडं पाहिलं. मग डावा हात कोपरापर्यंत पुढं केला. "हातभर?"

आता सगळ्यांनाच खोकला आला. पदर तोंडाला गेले. ताईंनी चष्मा काढला आणि बाजीरावाकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, वाईट वाटणं होतं. ते रागापेक्षा वाईट.

बाजीराव पुढं झाला. "ताई, मला बोलायचंय. यात ह्या बायकांचा—"

वैजयंतीला वाटलं, बोलू द्यावं. दोनच वाक्यं. दोन वाक्यांनी तो वर्षभर राहील. मंगळवार येईल, शुक्रवार येईल, मडकं माळ्यावरून खाली येईल. ती गप्प बसली तर कुणी तिला दोष देणार नव्हतं. सगळा गट तिच्याकरता वेडा झालेला होता.

"रखमा!" ती उभी राहिली. तिचा आवाज असा निघाला की चिंचेवरचे कावळे उडाले. "पुरा झायला. खरा सांग."

रखमा गोंधळली. "वैजू, आगो पन…"

"सांग म्हनतंय ना."

"…अर्दा पेर," रखमा म्हणाली. "आन् दोन बियांन चार बोटा जागा सोरायची. मंग उगावल्यावर दाटी झायली तं उपटून भाजी करायची."

"काकी, कीर."

दुर्गाबाईनं वैजयंतीकडं रागानं पाहिलं. पण एकदा तोंड उघडलं की तिला आवरणं कुणाच्या हातात होतं! निंबोळ्या किती कुटायच्या, फडक्यात कशा बांधायच्या, रातभर भिजवून सकाळी कसं फवारायचं, उन्हात का फवारायचं नाही, सगळं तिनं धडाधडा सांगितलं, आणि वर ताईंच्या एका शंकेवर "तसा नाय वो ताई, तुमी वाशीन राहताव" असंही ऐकवलं. मग आच्छादनाचं, खड्ड्याच्या थरांचं, कोणत्या सेक्टरात पालक जातो नि कुठं माठ, एकेकीनं सांगितलं. वैजयंती नाव घेत गेली आणि बायका बोलत गेल्या. बाजीरावाचं पुढं टाकलेलं पाऊल तसंच राहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता… आणि अभिमानाच्या मागं काहीतरी विझत चाललं होतं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रखमाला विचारलं, "एवढं येतंय, तर मघाशी हातभर का म्हणालात?"

रखमा लाजून पोराच्या मागं लपली. उत्तर वेणूबाईनं दिलं. "हातभर खोल ती मुल्याचा नाय बोलली, ताई. दुसराच कायतरी रुजलाय हतं, त्याचा बोलली."

ताईंनी वेणूबाईकडं पाहिलं, मग उभ्या असलेल्या वैजयंतीकडं, मग बाजीरावाच्या लाल झालेल्या कानांकडं. चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"गट तयार आहे," त्या म्हणाल्या. "पट्टा तुमच्या नावावर करून घेऊ. जगदाळे, एक तारखेला रोहा."

*

ताई गेल्या. आणि बायकांना अचानक घरची कामं आठवली. दुर्गाबाईची चूल पेटती राहिली होती, रखमाच्या पोराला झोप आली होती, वेणूबाईला तर आपली गाय सुटल्यासारखी वाटली. पट्ट्यावर दोघंच उरली.

बाजीरावानं सायकल चिंचेपासून सोडवली.

"छान बोललात सगळ्या," तो म्हणाला.

"तुमीच शिकवलाव."

"पेरायचं मी शिकवलं. विसरायचं तुम्ही बायका आपल्याआपण शिकलात."

वैजयंतीनं चमकून पाहिलं. "तुमाला… म्हाईत व्हता?"

"रखमाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शंका आली. वेणूबाईनं गाईला पेंढा घातला तेव्हा खात्री पटली."

"मंग बोललाव का नाय?"

त्यानं सायकलची घंटी एकदा वाजवली. समोर कुणी नव्हतं. "यायला कारण मिळत होतं ना. रविवारचंसुद्धा."

"आन् खोट माजी हाय म्हनून सांगनार व्हताव! सगल्यांदेखत! खोटा!"

"अर्धंच खोटं. माहीत असून गप्प राहिलो, ही खोट नाही तर काय?" पुढचं बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "आज तुम्ही मध्ये पडला नसतात, तर राहिलो असतो मी. एक वर्ष… एक वर्ष कमी नसतं. तुम्हाला राहायला नको होतं का मी?"

खाडीत भरती चढत होती. बांधाला पाणी लागल्याचा बारीक चुबकचुबक आवाज येत होता.

"आसा नको व्हता," वैजयंती म्हणाली. "तुमच्या नावाला डाग लावून, आन् बायकांना येऱ्या करून, नको व्हता. लपून राह्यल्यासारका. वरीस झाल्यावर काय? परत येर घ्यायचा?"

"मग आता मी रोह्याला आणि तुम्ही इथं."

"हां. मी हतून हलनार नाय. पट्टा आता आमचे नावाचा हाय. तुमी कामाला जावा. रोह्याशी हतं येवाला येस्टी हायेत." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आन् परवा रविवारी आमचे घरा या. जेवाला. आय बोलावतंय."

"तुमच्या आईनं? मला?"

"काल रागावली व्हती. भाकरी करपवलीन. आज सकाली इचारत व्हती, जावय मासली नाय खात, तं सनाला करायचा काय?"

सायकल बाजीरावाच्या हातातून निसटली आणि माठाच्या वाफ्यात आडवी झाली. तिचं चाक फिरत राहिलं. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

"जावई? वैजयंती… तू त्यांना सांगितलंस तरी काय?"

दोन हंगाम जे जिभेवर येऊन परत फिरलं होतं, ते तिनं आता त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"मना बाजीराव पायजे म्हनून."